चाकांच्या घरचा पाव

...आणि वर मलाच विचारतात, "एवढा वेळ काय करत होतीस?" एवढा वेळ म्हणे! तीनच कामं होती हो. गॅस, चावी, पाव. बोटांवर मोजा, चौथं बोट लागत नाही. पण तीन कामांना अख्खा शुक्रवार कसा पुरत नाही, हे ज्यानं तिझनितच्या कोटाच्या आत शुक्रवारी काम काढलंय ना, त्यालाच विचारा. हसताय? हसा. मीसुद्धा हसते आता. तेव्हा मात्र... थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई उगाच कांगावा करतेय.

मी ओर्ला. माहेर-सासर दोन्ही आयर्लंडमध्ये. घर मात्र सहा मीटर लांब, पांढरं आणि चार चाकांवर. पलंग, शेगडी, बेसिन, सगळं त्या गाडीतच. मी आणि माझा नवरा फिन्टन, आम्ही मोरोक्कोत तिसरा हिवाळा काढतोय, आणि त्यातला निम्माअधिक या तिझनितमध्ये, कोटाच्या भिंतीला लागून गाड्यांचा तळ आहे तिथे. तळावर सगळ्या आमच्यासारख्याच गोगलगायी, घर पाठीवर घेऊन आलेल्या. फक्त त्या पेन्शन घेतात आणि आम्ही नाही.

आता माझा स्वभाव सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी दचकते. किटली शिटी मारते, मी दचकते. फिन्टन शिंकतो, मी दचकते. तो म्हणतो, "अगं, शिंक येणार हे तुला माझ्या तोंडाकडे बघून कळत नाही का?" कळतं. कळून दचकते. कॉलेजात मी भीती या विषयावर वीस पानांचा निबंध लिहिला होता, पहिला नंबर आला. बक्षीस घ्यायला गेले नाही. स्टेजची भीती वाटली.

तर गुरुवारी संध्याकाळी मी गाडीत चहा पीत बसले होते आणि टपावर धाडकन काहीतरी आदळलं. मी किंचाळले. किंचाळले म्हणजे कशी, तर तळावरच्या बावीस गाड्यांची दारं एकदम उघडली. काय पडलं होतं? खजुराची वाळकी फांदी. शेजारच्या गाडीतल्या हानेलोरेबाई आल्या... जर्मन आहेत, वय चौऱ्याहत्तर, नवरा गेल्यापासून एकट्या गाडी हाकतात, पंक्चर झालं तर स्वतः आडव्या होऊन चाक बदलतात... त्यांनी फांदी उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "पोरी, ही मेलेली आहे. तू जिवंत आहेस. आत जा, चहा गार होईल."

एवढ्या माणसांसमोर! मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की त्या लाजेत मी फिन्टनला सगळ्यांच्या देखत म्हणून बसले, "विकून टाक हा डबा. मला नाही जमायचं हे जगणं."

आता तुम्हीच सांगा, असं रागाच्या भरात बोललेलं कुणी मनावर घेतं का? एरवी या माणसाला मोजे धुवायला टाक म्हणून चार वेळा सांगावं लागतं. पण हे? हे त्यानं पहिल्या वेळेला ऐकलं! बेल्जियमचे एक दिरिक्ससाहेब आहेत, पलीकडच्या रांगेतले, दोन वर्षं त्यांचा आमच्या गाडीवर डोळा. फिन्टन सरळ त्यांच्याकडे गेला आणि ठरवून आला. शुक्रवारी दुपारी चार वाजता येतील, गाडी बघतील, पटली तर घेतील.

आणि शुक्रवारी सकाळी डोळे उघडले, वर छतातली ती इवलीशी चौकोनी खिडकी, तिच्यातनं कोटाची गुलाबी भिंत, भिंतीवर करकोचा... आणि मला कळलं की मला गाडी विकायची नाहीये. मुळीच नाहीये. पण सांगणार कुणाला? बावीस गाड्यांनी ऐकलंय! फिन्टन बिचारा बाहेर व्हिनेगर लावून काचा पुसत होता. तोंड इतकुसं झालेलं. मला म्हणाला, "तू सुटशील बघ यातून." आणि मी काय म्हणाले? "हो." झालं! भित्र्या माणसाचं हे असं असतं, जो शब्द सगळ्यात छोटा तो तोंडातून आधी बाहेर पडतो. तेवढ्यात खालची काच पुसायला फिन्टन वाकला, आणि त्याच्या कमरेत अशी काही चमक भरली की त्याला धरून धरून पलंगावर आडवा करावा लागला. छताकडे बघत पडून राहिला. उठायचं नाही, वळायचं नाही, हसायचंसुद्धा नाही.

हानेलोरेबाई खिडकीतून डोकावल्या. म्हणाल्या, घर विकायचं असेल तर घरात पावाचा वास हवा, वासाने गिऱ्हाईक विरघळतं. मी लागले कामाला. आमच्याकडे आजीच्या हातचा सोड्याचा पाव असतो, यीस्ट नाही, काही नाही... पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. ताक इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. गोळा केला, थापला, आजी चिरायची तशी वर सुरीने आडवी-उभी चीर दिली, ओव्हन पेटवला... फुस्स! गॅस संपला.

म्हणजे कामं किती झाली? एक, गॅस. दोन, चावी, कारण दिरिक्ससाहेबांना दोन चाव्या हव्यात आणि आमच्याकडे एकच. दुसरी गेल्या वर्षी संडासाच्या टाकीत पडली, आणि ती काढ म्हणून आम्ही दोघांनीही एकमेकांना आग्रह केला नाही. तीन, पाव, कारण कालवलेलं पीठ काही थांबत नाही, तो कोटाच्या आतल्या भट्टीवर नेऊन भाजून आणायचा. इथल्या बायका रोज नेतात. बाजारहाट, भट्टी, सगळं आजवर फिन्टन करायचा. मी तीन वर्षांत कोटाच्या आत एकटी पाऊल टाकलेलं नव्हतं. पण तीनच तर कामं! फिन्टन पलंगावरून म्हणाला, "जमेल ना तुला?" मी म्हटलं, "हो." बघा, पुन्हा तेच!

निघाले. उजव्या हाताला चाकांची पिशवी, पिशवीत रिकामा सिलिंडर, डाव्या हातावर पाट, पाटावर पाव, पावावर टॉवेल, खिशात घराची एकुलती एक चावी. वाणी म्हणाला, भरलेला सिलिंडर आत्ता नाही, गाडी यायचीय, रिकामा ठेवून जा, नमाजानंतर मी स्वतः हातगाडीवर आणून देतो. ठेवला. चावीवाल्यानं माझी चावी घेतली, यंत्रात पकडली, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, नमाजानंतर. मी म्हणणार होते, अहो, निदान माझी तरी परत द्या... पण म्हणेपर्यंत शटर खाली! घराची चावी आत, मी बाहेर. म्हटलं, ओर्ला, घाबरू नकोस, दोन कामं अर्धी अर्धी झालीत, म्हणजे एक पूर्ण झालं. पाव टाकू आणि पळू.

आणि त्या गल्लीत, तुम्हाला सांगते, एक दार किलकिलं झालं आणि त्यातून एक हात बाहेर आला. नुसता हात. मेंदीचा. हातात पाट, पाटावर फडक्याखाली तीन पाव. आतून आवाज, "भट्टीकडेच चाललीस ना, पोरी? हेही ने." मी दचकायच्या आत पाट माझ्या हातात आणि दार बंद. इथली रीतच आहे ती, जो त्या वाटेने चाललाय त्याच्या हातात द्यायचं. पण मला काय माहीत! चार पावलांवर दुसरं दार. "अगं, थांब, थांब..." दुसरा पाट. वळणावर तिसरं. नाही म्हणायचं होतं हो मला, पण माझा 'नाही' असा आहे की बाहेर पडायच्या आधी दोनदा बाहेर बघतो. भट्टीवर पोचले तेव्हा रिकाम्या पिशवीवर तीन पाट रचलेले, वर माझा चौथा, हनुवटीने दाबून धरलेला.

भट्टीवाले बा-लहसन. सत्तरीचा माणूस, जमिनीतल्या खड्ड्यात कमरेपर्यंत उभा, समोर भट्टीचं तोंड, हातात वल्ह्याएवढं लांब फावडं. विचारलं, "कुणाचे?"

म्हटलं, माहीत नाही.

"कुठल्या घरचे?"

म्हटलं, तेही माहीत नाही. दारं सारखीच होती. हात वेगवेगळे होते.

भट्टीवर बसलेल्या दोन बाया पदराआड हसल्या. पण बा-लहसननं फडकी बाजूला केली आणि नुसतं बघून सांगायला लागले. हे काट्याचे तीन टोचे, हे फादमाचं घर. ही कंगव्याची रेघ, शिंप्याकडची. ही मधोमध अंगठ्याची खळी, नवीन सून आलीय त्या घरातली. प्रत्येक घराची पावावर आपापली खूण! नाव नाही, चिठ्ठी नाही, दोनशे पाव आत जातात आणि एकही चुकत नाही. मी आ वासून बघत राहिले. आणि मग त्यांनी माझा टॉवेल उचलला.

 माझ्या पावावर काय होतं? क्रूस! हा मोठ्ठा, कडेपासून कडेपर्यंत, सुरीने चिरलेला. आमच्याकडे सगळेच चिरतात हो, आजी म्हणायची, पावातल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट ठेवावी. मला सवयीनं कळलंसुद्धा नाही. आणि मी तो आणला कुठे, तर शुक्रवारी, नमाजाच्या तासभर आधी, मुसलमान वस्तीच्या भट्टीवर, त्यांच्या पावांच्या रांगेत ठेवायला! माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं घडून गेलं... हे म्हणणार ही धर्म पसरवायला आली, तळ बंद होणार, वकिलातीतून फोन, आयर्लंडच्या बातम्यांत माझा फोटो, तोही डोळे मिटलेला. मी घाईघाईने अंगठ्याने चीर पुसायला गेले. ओलं पीठ! चीर पुसली नाहीच, आणखी फाकली. बाया वाकून बघायला लागल्या. बा-लहसन बघतायत. मी बघतेय.

मग ते म्हणाले, "चाक."

मी म्हटलं, काय?

"तळावरची ना तू? चाकांच्या घरची." त्यांनी बोटाने हवेत गोल काढला, त्यात आडवी-उभी रेघ. "चाकाची खूण. ही इथे कुणाचीच नाही. चांगली आहे, लांबून दिसते." आणि फावड्यावर घेऊन पाव आत सरकवलासुद्धा!

खाली बसले मी. एक बाई मला पाणी देऊन म्हणाली, पोरी, भट्टीची धग सोसत नाही वाटतं तुला. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार!

दहा मिनिटांत सगळे पाव बाहेर. इथले पाव चपटे असतात, भराभर होतात. बा-लहसननं माझाही बाहेर ओढला, वरून मस्त लाल. तिकडे वुजूची, नमाजाआधी हातपाय धुवायची घाई, सगळे उठायच्या तयारीत. आणि मला माहीत होतं की तो आतून कच्चा आहे. माझा पाव जाड, त्याला पाऊण तास लागतो. आता काय करावं? माणूस चाळीस वर्षं भट्टी चालवतोय. त्याला मी सांगू? मी? कच्चा तर कच्चा, विकायच्याच घरात तर न्यायचाय...

"थांबा," मी म्हणाले.

स्वतःच्याच आवाजाला दचकले. बा-लहसन वळले. मी पाव उचलला, उलटा केला, हात भाजला, पण सोडला नाही, आणि पाठीवर टकटक केलं. भद्द वाजला. म्हटलं, झाला नाही. झाला की पोकळ वाजतो. त्यांनी माझ्या हातातून घेतला, स्वतः टकटक करून कान लावला, आणि मान हलवली. "खरं बोलतेस." पाव परत आत, निवत्या आचेला. मग खड्ड्यातून वर आले, हात झटकले आणि दाराबाहेर पडता पडता म्हणाले, "मी नमाजाला चाललो. तू बस. बायका येतील, ज्याचे त्याला दे. खुणा बघितल्यास ना?"

आणि गेले! बायाही गेल्या, घरी शुक्रवारचा कुस्कुस, रव्याचा भातच म्हणा, शिजत होता. अहो, मी, जी स्वतःच्या किटलीला घाबरते, त्या मला अख्ख्या मोहल्ल्याची भट्टी सोपवून माणूस निघून गेला! तीनच कामं होती हो माझी. गॅस कुलपात, चावी कुलपात, पाव भट्टीत, आणि मी पन्नासेक पावांची राखण करत बसलेली. चार वाजता गिऱ्हाईक यायचंय. मशिदीवरून अजान सुरू झाली. एरवी तिच्या पहिल्या सुरालाही मी उडते. त्या दिवशी उडाले नाही. उडायला वेळच कुठे होता, दारात एक म्हातारी येऊन उभी!

हात बघून ओळखलं, मेंदी तीच. लल्ला फादमा, लल्ला म्हणजे इथे बाईसाहेब. म्हणाली, "माझे चार पाव दे."

काट्याचे तीन टोचे, पाव तीन. मी मोजून आणले होते, हनुवटीने! गप्प बसले असते तर कंगव्याच्या रेघेचा एक तिच्याकडे गेला असता आणि शिंप्याकडे कमी पडला असता. म्हटलं, "लल्ला, तीन."

"चार."

"तीनच. टोचे बघा."

माझ्याकडे रोखून बघितलं तिनं. मग अशी हसली की तिचे उरलेले दात मला मोजता आले. "बाया म्हणाल्या, बा-लहसननं भट्टीवर पाखरू बसवलंय. बघायला आले होते, उडतं का." आणि माझ्याजवळ फतकल मारून बसली.

मग आल्या की एकेक! कंगवा, खळी, तिळाची चिमूट, दोन रेघा... घ्या, घ्या, हे तुमचे, अंहं, ते नाहीत, हे. एक तर म्हणाली, "ही कोण नवी?" आणि फादमा माझ्या वतीने, "चाकांच्या घरची." जशी काही मी तिच्या मामाची मुलगी!

गर्दी ओसरल्यावर तिनं विचारलं, एवढं घड्याळ काय बघतेस? मी सांगून टाकलं सगळं. फांदी, किंचाळी, दिरिक्ससाहेब, चार वाजता. ती ऐकत होती, मग म्हणाली, "विकशील. बरं. पण खूण भट्टीत लागली आता. घर घेतलं की खूणही त्याचीच. उद्या त्याचा पाव येईल, बा-लहसन म्हणेल, चाक आलं. देशील त्याला?"

तुम्हाला सांगते, मी तोंड उघडलं ते सवयीनं 'हो' म्हणायला. आणि बाहेर पडलं, "नाही."

एकदम स्पष्ट. दोनदा बाहेर न बघता.

बा-लहसन आले, माझा पाव काढला, कानाशी टकटक केलं, मलाही ऐकवलं. पोकळ! चावीवाल्यानं शटर उघडलं, दोन चाव्या दिल्या. वाणी हातगाडी घेऊन हजर. फादमानं शुक्रवारचा म्हणून कुस्कुसचा भरलेला वाडगा पाटावर ठेवला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत आली. अशी वरात निघाली आमची: पुढे सिलिंडर, मागे मी, हातात चाक.

तळावर पोचले तर दिरिक्ससाहेब आधीच आलेले. माझ्याच घडीच्या खुर्चीत बसलेले. बोटाने भिंती ठोकून झाल्या होत्या, छत जरा ठेंगणं आहे हे सांगून झालं होतं. हानेलोरेबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. आतून पडल्या पडल्या फिन्टनचा आवाज, "एवढा वेळ काय करत होतीस?"

एवढा वेळ!

दिरिक्ससाहेबांनी हात पुढे केला. "चाव्या आणल्यात? दोन?"

आणल्या होत्या. एक मी खिडकीतून फिन्टनच्या छातीवर टाकली. दुसरी माझ्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं.

"विकायची नाही," मी म्हणाले. बावीस गाड्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, कारण आदल्या दिवशीचंही तेवढ्यांनीच ऐकलं होतं.

आतून पलंग करकरला. ज्या माणसाला वळता येत नव्हतं, तो उठून दारात उभा! कमरेवर हात, डोळ्यांत पाणी... कमरेमुळे असेल. पण बोलला काय? "पाव जळला तर नाही ना?" हा माझा नवरा.

पाव सगळ्यांनी खाल्ला. दिरिक्ससाहेबांनी लोणी लावून चार तुकडे खाल्ले, रुसलेल्या तोंडाने, पण खाल्ले. चौथ्या तुकड्याला म्हणाले, नसेल विकायची तर नसो, कुठे भाजला हा?

तिथेच चुकले हो मी. सांगून टाकलं!

शनिवारी सकाळी दारावर टकटक. दार उघडते तो बाहेर टेबलावर सात पाट, सात टॉवेल. सात गाड्यांनी पीठ मळलेलं. हानेलोरेबाईंची खूण म्हणजे सहा कोनी नट, टूलबॉक्समधला काढून धुऊन पिठात दाबलेला. दिरिक्ससाहेबांनी नावाची अक्षरं कोरलेली, ती बा-लहसननं त्याच दिवशी बाद केली, म्हणाले, हे वाचायला कुणाला वेळ आहे, याला एक रेघ मारायला सांग. आणि दर शुक्रवारी ते नमाजाहून येईपर्यंत भट्टी माझ्याकडे. फिन्टनची कंबर? ठणठणीत. पण तो म्हणतो, "तूच जा, तिथे तुझी ओळख आहे."

तर जाते. काय करणार! परवा सकाळी अशीच निघाले, हातावर सात पाट, वरचा हनुवटीने दाबलेला, आणि कानाजवळून धाडकन... तीच ती खजुराची फांदी, तिची बहीण असेल. दचकले का? दचकले की, दचकणार नाही तर काय! पण हनुवटीखाली सात घरांचे पाव असले ना, की तोंड उघडता येत नाही. जागच्या जागी उभी राहिले, गपचूप दचकून घेतलं, आणि गेले भट्टीवर.